लोणच्याच्या कारखान्यासमोरचा बस थांबा

मिशिगनमधल्या एल्डर क्रीक गावात गांजाचं सरकारमान्य दुकान येणार हे नक्की झालं, तेव्हा भांडण एवढंच उरलं की ते कुणाच्या दारात यायचं. गावाला दुकान नको होतं, पण दुकानाचा कर हवा होता, कारण अग्निशमन दलाच्या इमारतीचं छप्पर गळत होतं. म्हणून नियोजन समितीच्या पाच जणांनी गावाचा नकाशा भिंतीवर टाकला आणि दुकान कुठे नको ते ठरवायला घेतलं. कुठे हवं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आधी शाळेभोवती हजार फुटांचं लाल वर्तुळ आलं. त्याला कुणाची हरकत नव्हती. मग ग्लॅडिस उमहोफरबाईंनी चर्च घालायला लावली. गावात माणसांच्या मानाने चर्च जरा जास्तच, त्यामुळे अर्धा नकाशा तिथेच लाल झाला. मग वाचनालय आलं, बेसबॉलचं मैदान आलं, मुलींचा नाचाचा क्लास आला.

"माजी सैनिकांचा हॉल राहिला," ग्लॅडिसबाई म्हणाल्या.

"तिथे पोरं कुठे जातात हो? तिथे सगळे सत्तरीच्या पुढचे," क्लिफर्ड म्हणाला. हा ट्रॅक्टर विकायचा आणि समितीत सगळ्यात मोठ्याने बोलायचा.

"माझा नातू जातो. रविवारी पॅनकेक खायला."

"घाला बाई, पॅनकेकही घाला!"

राहती घरं धरायची नाहीत, नाहीतर दुकानाला जागाच उरणार नाही, हे आधीच ठरलं होतं. शेवटी सगळा गाव लाल झाला आणि नदीच्या रस्त्यावर एक पांढरा तुकडा उरला. काकडीच्या लोणच्याचा बंद पडलेला कारखाना होता तो.

"बघा, देवानेच जागा राखून ठेवली," क्लिफर्ड म्हणाला. "समोर रिव्हर बेंडची ट्रेलरवाली मंडळी. सगळ्यात जास्त गिऱ्हाईक तेच. त्यांचं पेट्रोल तरी वाचेल!"

सगळे हसले. समितीचा अध्यक्ष वेंडेल क्रूसही हसला. जरा जास्तच हसला.

त्या रिव्हर बेंडमध्ये, ट्रेलरच्या म्हणजे चाकांवरच्या स्वस्त घरांच्या वस्तीत, वेंडेलची सख्खी मोठी बहीण राहत होती, आणि हे गावात कुणालाही माहीत नव्हतं.

वेंडेल मूळचा इथला नव्हे. लग्न करून आला, सासऱ्याची विम्याची एजन्सी सांभाळू लागला. पहिल्यांदा सासरी जेवायला बसला तेव्हा सासूने विचारलं, "घरी कोण कोण असतं?" समोर चांदीचे काटेचमचे मांडलेले. ट्रेलरमध्ये वाढलेल्या, बहिणीने डबाबंद माशांच्या कारखान्यात राबून शिकवलेल्या या पोराच्या तोंडून निघून गेलं, "आता कुणीच नाही." एवढंसं खोटं. पुढे ते फिरवायला तोंडच राहिलं नाही. बहीण लोर्ना नवरा गेल्यावर इथे आली ती स्वस्त भाड्यासाठी. आल्या आल्या तिनेच त्याला फोनवर सांगितलं होतं, "मी नवऱ्याचं पिकेट आडनाव लावते. तुला त्रास नाही व्हायचा." वेंडेल कधीमधी तिच्याकडे जायचा, पण गाडी कारखान्यामागे लावून, चोरासारखा. स्वतःच्या बहिणीकडे!

म्हणूनच कारखान्याच्या फाटकासमोर काय आहे, हे समितीत फक्त त्यालाच माहीत होतं. तिथे शाळेची बस थांबते. पाटी नाही, शेड नाही. ट्रेलरमधली पोरं रोज सकाळी त्या फाटकाला टेकून उभी असतात आणि लोर्ना घरचा झगा घालून त्यांच्यावर लक्ष ठेवते. वेंडेलने एक वाक्य बोलायचं होतं. पण बोलला असता तर क्लिफर्डने हमखास विचारलं असतं, "तुला रे कसं ठाऊक?"

जूनमध्ये जाहीर सुनावणी ठेवली. सुरुवातीला अध्यक्षाने एक मजकूर वाचायचा असतो: समितीतल्या कुणाचे नातेवाईक किंवा हितसंबंध या विषयात असतील तर त्याने आत्ताच सांगावं आणि मतदानातून बाजूला व्हावं. वेंडेलने तो खणखणीत आवाजात वाचला. बाकीच्या चौघांनी काही सांगितलं नाही. त्यानेही नाही.

मग लोक एकेक करून माइकपाशी आले. आधी नाव आणि पत्ता सांगायचा, मग तीन मिनिटं बोलायचं, अशी तिथली रीत. कुणी म्हणालं गाव नासणार, कुणी म्हणालं माझी कंबर गांजाच्या गोळ्यांनीच चालते. वेंडेल मान डोलवत होता. मग मागच्या रांगेतून लोर्ना उठली. तिने निळा कोट घातला होता. आईच्या अंत्यविधीलाही तिने तोच घातला होता.

आता नाव विचारणं भाग होतं.

"बाई," तो म्हणाला, "तुमचं नाव आणि पत्ता सांगा."

लोर्नाने त्याच्याकडे पाहिलं. याच माणसाच्या बुटांच्या नाड्या तिने बांधल्या होत्या.

"लोर्ना पिकेट. रिव्हर बेंड, ट्रेलर चौदा," ती म्हणाली. "अध्यक्ष महोदय, मला गांजाबद्दल काही म्हणायचं नाही. ज्याला घ्यायचाय त्याने घ्यावा. मी नकाशाबद्दल बोलायला आलेय. आमच्याकडे नकाशा पांढरा का, ते सांगते. आमच्याकडे शाळा नाही, वाचनालय नाही, बाग नाही, म्हणून पांढरा. बाग आमच्या लोकांनी मागितली होती. याच खोलीत. दोन झोपाळे आणि एक घसरगुंडी. तुम्ही म्हणालात, तिथे पोरं अशी कितीशी आहेत? तेव्हा बाग दिली नाहीत, आणि आज म्हणता तिथे बाग नाही, दुकान चालेल. पोरं आहेत हो. त्या फाटकापाशीच त्यांची बस येते. कुणी येऊन बघितलंत का?"

बाग नाकारली त्या ठरावावर सही वेंडेलचीच होती. त्याला वाटलं, आता ही बोलणार. बोलून टाकू दे, म्हणजे सुटलो एकदाचा.

ती बोलली नाही. वेळ संपल्याची घंटी वाजली.

"धन्यवाद, बाई," वेंडेल म्हणाला. "पुढचे कोण?"

मतदानाची वेळ आली तेव्हा ग्लॅडिसबाईंनी चष्मा काढून पुसला. "मला बसचं माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी पॅनकेक घातले आणि ही पोरं सोडली. माझं मत विरोधात." त्यांच्या शेजारच्यानेही नाही म्हटलं. क्लिफर्ड हो म्हणाला, चौथा हो म्हणाला. दोन-दोन झाले, आणि सगळ्यांच्या माना वेंडेलकडे वळल्या.

क्लिफर्डने कोपराने ढोसलं. "बोल की रे. तुझं कोण बसलंय तिकडे?"

गंमतच केली होती त्याने. पण वेंडेलच्या मनात आलं, याला कळलं की काय? लोक ओळखतील का? नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील का? मनात 'नाही' होतं, ओठांवर 'नाही' होतं.

"हो," वेंडेल म्हणाला.

टाळ्या वाजल्या नाहीत. खुर्च्या मात्र सरकल्या.

बाहेर आला तर लख्ख उजेड. जूनमध्ये तिकडे रात्रीची जेवणं उरकली तरी ऊन रेंगाळत असतं. लोक गाड्यांपाशी घोळक्याने उभे होते. लोर्ना पायी निघाली होती, नदीच्या रस्त्याने. त्या रस्त्याला पादचाऱ्यांसाठी जागाच नाही, ट्रक अंगावरून जातात. वेंडेलने गाडी काढली आणि लोक मागे पडल्यावर तिच्या बाजूला थांबवली. काच खाली केली.

"लोर्ना, मी..."

"मी कुणाला काही सांगितलं नाही रे," ती लगेच म्हणाली. लहानपणी त्याने काही फोडलं की ती असंच म्हणायची. "घाबरू नकोस. माझ्याकडून नाही कळायचं कुणाला."

शिवी दिली असती तरी त्याने आनंदाने घेतली असती.

"बस ना गाडीत," तो म्हणाला. "घरी सोडतो. अगदी दारापर्यंत."

लोर्नाने मागे वळून पाहिलं. दूरवर घोळके अजून उभे होते. क्लिफर्ड हातवारे करत काहीतरी सांगत होता. तिने कोटाचं वरचं बटण लावलं.

"नको," ती म्हणाली. "अजून उजेड आहे. लोक बघतील तुला."

आणि ती रस्त्याच्या कडेने चालू लागली. वेंडेल तिथेच बसून राहिला. मागून ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तेव्हा त्याने गाडी वळवली आणि गावाकडे नेली.