झाकणाखालचं सोनं

जलीलानं पडद्यावरचं चित्र आणखी मोठं केलं. सोन्याचे कण ओळीनं बसले होते, मधाच्या पोळ्यासारखे, एकसारख्या अंतरावर. प्रत्येक कणावर तेलकट रेणूंचा थर असला आणि द्रव वाळत गेला, की ते आपले आपण जागा धरतात, हे ती तीन वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत होती. तिच्या बशीत मात्र त्यांचे नुसते गोळे व्हायचे.

हे कण एम्नाचे होते. कैरुआनहून स्फॅक्सच्या या प्रयोगशाळेत येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते.

"ताई, मी काहीच केलं नाही हो," एम्ना हसली. "बशीवर झाकण ठेवलं नि विसरले. दोन दिवसांनी बघते तर हे!"

"नशीब लागतं," जलीला म्हणाली.

"नशीब कसलं? ह्याला हातगुण म्हणतात!" हेदी सरांनी एम्नानं गावाहून आणलेल्या मकरूदचा, खजूर भरलेल्या मिठाईचा, दुसरा तुकडा तोंडात टाकला. जलीलानं आपला रुमालात गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी एम्नाची नवी बशी वाळत होती. सगळे जेवायला गेले. जलीलानं दोन बोटांनी झाकण उचललं, बाजूला ठेवलं आणि पंखा लावला. सगळे परतायच्या आत तिनं झाकण जागच्या जागी ठेवलं.

पुढच्या सकाळी पडद्यावर गोळेच गोळे होते. एम्नाचा चेहरा उतरला. जलीलाला क्षणभर बरं वाटलं, आणि मग स्वतःचीच किळस आली.

सर मात्र चित्रावर वाकले होते.

"द्रव भर्रकन उडालाय. कणांना जागा शोधायला वेळच मिळाला नाही. जलीला, तू बशी झाकायचीस का गं?"

"नाही, सर."

"मग हेच की! दोन्ही चित्रं शेजारी शेजारी छापू. फक्त झाकण किती वेळ उघडं होतं, ते कळायला हवं. नाहीतर हे चित्र कुचकामी."

"मी उघडलंच नव्हतं," एम्ना रडवेली झाली. "का माझ्याच हातून नीट बसलं नव्हतं?"

जलीलानं एम्नापुढची वही ओढून घेतली.

"बारा चाळीसला काढलं," लिहिता लिहिता ती म्हणाली. "एक वाजता परत ठेवलं. पंखा चालू होता."

एम्नानं तिचं अक्षर वाचलं आणि पेन उचललं.

"पंखा कितीवर होता, ताई?"

"तीनवर."