टोमणा माईकवर, माफी कानात

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. करोल बागेतल्या एका दुकानातून नोएडाच्या मराठी मंडळाने मला आणले, तेव्हा माझी जाळी चांदीसारखी चकाकत होती. गणपतीच्या आरत्या, हळदीकुंकवाच्या सूचना, अध्यक्षांची न संपणारी भाषणे, सारे मी घसा न बसता पोहोचवले. लोक म्हणत, "आवाज असावा तर असा!" मीही फुशारून जाई. पुढे माझ्या मानेपाशी तार सैल झाली. "बघू, करून घेऊ," म्हणत सगळ्यांनी तिला चिकटपट्टी गुंडाळली.

गेल्या नाताळात मंडळाच्या मुलांनी येशूजन्माचे नाटक बसवले. ते लिहिले होते देविका साळवे यांनी. त्या मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. ऐन वेळी इशिताला ताप आला आणि तिचे मेंढपाळाचे काम मेहेर अत्तारला दिले. मेहेर कोल्हापूरकडच्या मुसलमान घरातली, वय वर्षे नऊ. तिला कुणी काही विचारले नाही.

गोठ्यातल्या बाळापुढे येऊन तिला म्हणायचे होते, "हाच देवाचा पुत्र. याला नमन करू या." मेहेर आली, उभी राहिली आणि गप्प झाली.

सूत्रसंचालन करणाऱ्या अलकनंदाकाकूंनी मला उचलले. "अगं, बोल ना! तुमच्यात येशूला मानत नाहीत, ठाऊक आहे. पण आमच्याकडे तेहतीस कोटी आहेत, त्यात एक वाढला तर काय बिघडलं?"

मी तो टोमणा शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोहोचवला. सभागृह हसले. त्याच रांगेत मेहेरची आई नसीमा बसली होती. तिने मान खाली घातली.

मग काकूंनी मला मेहेरच्या तोंडापुढे धरले. ती हळूच म्हणाली, "मानतो ना, काकू. हजरत ईसा पैगंबर आहेत. बीबी मरियमचे पुत्र. अल्लाहने पाठवलंय त्यांना. पण पैगंबर म्हणजे देव नसतो. आणि अल्लाहला मुलगा नसतो. नमन फक्त त्यालाच. म्हणून मी नाही बोलले."

पण तिने तोंड उघडले, नेमकी तेव्हाच माझी तार सुटली होती. खरखर झाली आणि मी बंद पडलो. तिचे एक अक्षरही मी पुढे नेले नाही. मित्रांनो, त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखे झाले.

देविकाबाई विंगेतून धावत आल्या. "आम्ही ख्रिस्ती लोक येशूला देवाचा पुत्र मानतो, म्हणून मी ते वाक्य लिहिलं," त्या काकूंना म्हणाल्या. "हिचा विश्वास वेगळा आहे. तिच्या तोंडी ते घालायला नको होतं."

काकूंचा चेहरा पडला. पडदा पडल्यावर मला तसेच काखेत धरून त्या शेवटच्या रांगेत गेल्या आणि नसीमाच्या कानाशी वाकल्या. मेहेर काय बोलली, ते त्यांनी शब्दन्‌ शब्द सांगितले. "मला वाटायचं, पैगंबर म्हणजे तुमचे देव, आणि येशूला तुमच्यात थाराच नाही. न विचारता बोलले, यार. चुकलं माझं."

नसीमा एवढेच म्हणाली, "काकू, हसले ते सगळे."

काकूंनी एकदा सभागृहाकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. सभागृह रिकामे होत होते आणि मी मुका होतो.

मित्रांनो, आता मी मंडळाच्या कपाटात पडून आहे. माझी तार जोडून घ्या, एवढीच विनवणी. पुढच्या कार्यक्रमात काकूंना पुन्हा काही बोलायचे आहे, आणि ते त्यांना कानात बोलायचे नाही.