प्रथिनाचा कौल

१९८८ च्या मे महिन्यात प्रभाकर मुंबईची प्रयोगशाळा सोडून मालवणला आला, तो आपल्या आत्याला, आनंदी अक्काला, गोव्याच्या इस्पितळात न्यायलाच. मिश्रीनं तिच्या गालात झालेली जखम भरत नव्हती आणि त्याला कर्करोगाची शंका होती. अक्का मात्र देवाचा कौल घेतल्याशिवाय हलेना.

देवळाच्या वाटेवर त्यानं तिला स्वतःचं संशोधन समजावलं. पेशीत एक प्रथिन असतं. ते जनुकांची बटणं दाबून सूज आणतं आणि शरीराची फौज बोलावतं. ही फौज कर्करोगाला मारते. पण सूज रेंगाळली, की त्यालाच पोसते.

"म्हणजे तो आमच्या बाजूचो काय रोगाच्या?"

"दोनय बाजूचो, गो."

"असो कसो?"

अक्कानं गुरवाकरवी देवाला नेमकं हेच विचारलं. देवाच्या मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी, होकाराची पाकळी पडली. प्रथिन आमच्या बाजूचं!

"मगे इस्पितळात कित्याक जावचा?"

जगभरच्या शास्त्रज्ञांना न सुटलेला प्रश्न गुरवानं निकालात काढला होता. प्रभाकरनं कपाळावर हात मारला. "अगो अक्का, आपलो माणूस आत एकटो लढता. त्याका मदत नको?"

"ह्या आदी सांगूक काय झाला तुका?" अक्का खेकसली आणि पिशवी भरायला घराकडे निघाली.