कापसाचे बोळे

किरगिझस्तानातल्या ओश शहरात, अंधांच्या वसाहतीत, तुर्दुकान आणि तिचा नवरा जुमादिल यांच्याइतकी म्हातारपणाची तयारी कुणी केली नव्हती. दोघंही आंधळी, दोघंही स्विचांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली. खोलीपासून संडासापर्यंत दोर बांधून झाला होता. औषधांच्या डब्यांना रबरबँड लावलेले, सकाळच्याला एक, रात्रीच्याला दोन. आपल्या मयताला येणाऱ्यांना रिवाजाप्रमाणे वाटायचं कापडसुद्धा त्यांनी पेटीत घड्या घालून ठेवलं होतं. कुणाला कोणतं द्यायचं ते गाठींवरून कळे.

मग कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जुमादिलला जे थोडंफार ऐकू येतं तेही वर्षभरात जाईल, यंत्राचा उपयोग नाही. हे त्याला तिसऱ्यांदा सांगितल्यावर ऐकू आलं.

डोळे नसलेला माणूस म्हातारपणाचा सगळा हिशेब कानांच्या भरवशावर मांडतो. नवरा शेजारी बसलेला असेल आणि त्याच्याशी एक शब्द बोलता येणार नाही, ही भीती तुर्दुकानच्या मनात घर करून बसली.

संस्था अंधांची आणि बहिऱ्यांची एकच होती. अंगणापलीकडच्या इमारतीत बहिरी माणसं राहत. त्यांतल्या एका बाईने आपल्या ऐकू-बोलू शकणाऱ्या मुलीकरवी निरोप धाडला, की तळहातावर अक्षरं काढायला मी शिकवते. जुमादिलने तो उडवून लावला.

"जन्मभर त्यांना ठोंबे म्हणत आलो. आता त्यांच्याच पंगतीला बसू?"

"ते तुम्हाला काय म्हणतात, ते एकदा विचारून या," तुर्दुकान म्हणाली.

पण तिने दुसरी वाट शोधली. तरुणपणी तिचे डोळे गेले तेव्हा ठिपक्यांची ब्रेल लिपी तिला त्यानेच शिकवली होती. अक्षराला ठिपके सहा, तर दोन्ही हातांची तीन-तीन बोटं घ्यायची. ती त्याच्या समोर बसली आणि बोटं दाबू लागली. त्याला काही अर्थ लागेना. तिचा हात जड आहे म्हणून तो कुरकुरला, त्याचं डोकं जड आहे म्हणून ती. मग तिच्या लक्षात आलं, समोरून दाबलं की प्रत्येक अक्षर उलटं पडतं. ती उठून त्याच्या शेजारी बसली, त्याच्या हातांवर हात ठेवले. अक्षरं जुळली.

तरी दाबताना ती सवयीने पुटपुटे आणि तो तेवढंच ऐकून उत्तर देई. म्हणून तिने त्याच्या कानांत घालायला कापसाचे बोळे केले. पहिल्याच दिवशी त्याने ते उपसून काढले.

"मला कबरीत घालायची एवढी घाई?"

"घाई आहेच. आज चुकलात तर तोंडाने सांगता येतं. पुढच्या वर्षी कशी सांगू?"

त्यानंतर काही दिवस त्याने बोळ्यांना हात लावला नाही. तिनेही आग्रह केला नाही. मग एका दुपारी चहाला बसले असताना त्याने आपणहून बोळे मागितले आणि मुठीत धरून ठेवले.

"आधी काहीतरी बोल, बायबिचे, माझ्या घरधनिणी. तोंडाने."

इतक्या वर्षांच्या संसारात तिला कधी शब्दांची वाण पडली नव्हती. आता एकही सुचेना.

"चहा निवतोय," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, एकेक करून बोळे कानात बसवले आणि हात पुढे केले. तिने शेजारी सरकून तेच त्याच्या बोटांवर सांगितलं. मध्ये तो अडला. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी त्याने एक हात सोडवून घेतला आणि चाचपत पेला उचलला.

तोवर चहा खरोखरच निवला होता. त्याने तो सगळा प्यायला.