दहा गाठींची दोरी

मी शिट्टी. मला बोलायची सवय नाही, ओरडायची आहे, त्यामुळे मध्येच आवाज चढला तर चालवून घ्या. शिवाय माझं सगळं बोलणं दुसऱ्याच्या श्वासावर चालतं. कुणी फुंकलं तर मी शिट्टी, नाहीतर नुसता पितळेचा तुकडा. सध्या मी तुकडाच आहे. टेबलाच्या खणात पडून आहे आणि वेळच वेळ आहे, म्हणून सांगते.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. यंत्राने मला वाकवलं, जोडलं, आणि शेवटी एका चष्मेवाल्या बाईने चिमट्याने माझ्या पोटात बुचाची गोटी सोडली. ती गोटी नाचते म्हणून मी वाजते. दुकानदाराने मला विकण्याआधी स्वतःच्या तोंडाने वाजवून पाहिलं आणि शर्टाला पुसून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. माणसं स्वच्छतेवर तासभर भाषण देतात आणि शिट्टी शर्टाला पुसतात.

ते गिऱ्हाईक म्हणजे माझे सर. शाळेत खेळ शिकवायची नोकरी नुकतीच लागलेली, पायांत नुसतं वारं भरलेलं. पंधराशे मीटर धावायचे. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'इंजिन'. त्या काळात ते मला फुंकायचे तेव्हा माझी गोटी छताला लागायची. मैदानाच्या पलीकडच्या टोकाची पोरं जागच्या जागी थबकायची. मला स्वतःचाच दरारा वाटायचा.

मग एका मोठ्या शर्यतीत सर शेवटून दुसरे आले. त्या संध्याकाळी ते मैदानावर परत आले आणि पंपाच्या खोलीमागे जाऊन बसले. तिथे मैदान राखणारे मामा विडी-काडी करत बसायचे. मैदानावर पाणी मारणं, गवत काढणं, फक्कीच्या रेघा आखणं ही मामांची कामं. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि खिशातून एक सिगारेट काढून पुढे केली.

"घ्या सर. डोकं शांत होतं."

डोकं शांत झालं आणि पुढची बावीस वर्षं रोज होत राहिलं. मी आणि पाकीट एकाच खिशात राहायचो, त्यामुळे माझ्या तोंडाला तंबाखूचा वास कायमचा बसला. पोरं तरीही सरांना इंजिनच म्हणायची, फक्त आता कारण धुराचं होतं.

श्वासाचा हिशोब मला बाहेरून पाहावा लागत नाही, तो माझ्या पोटातूनच जातो. दरवर्षी गोटी थोडी खाली राहायची. एका स्पर्धेच्या दिवशी सर्वांसमोर सरांनी मला फुंकलं आणि मी "फुर्र" करून बसले. सरांना खोकल्याची उबळ आली. पहिल्या रांगेतली पोरं हसली. सरांनी मला उलटसुलट करून पाहिलं, जणू बिघाड माझ्यातच होता. मी ऐकून घेतलं.

त्यानंतर संस्थेचं पत्रक आलं. मैदानावर शिकवणाऱ्या प्रत्येकाने बारा मिनिटांत दोन हजार मीटर धावून दाखवायचं. जमलं नाही तर मैदान सोडून आतलं काम. सर घरी गेले ते पत्रक हातात घेऊनच. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, ते वाचलं.

"अहो, जमेल तुम्हाला?"

"आधी ही सोडतो. मग बघू."

त्यांनी पाकीट वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी ते भिजवून कचऱ्यात टाकलं, कारण कोरडं टाकलं तर ते परत बाहेर येतं हा त्यांचा अनुभव होता.

पुढचे तीन आठवडे घरात कुणी मोठ्याने भांडंही ठेवत नव्हतं. सर विनाकारण चिडायचे, मग माफी मागायचे, मग माफी मागावी लागली म्हणून चिडायचे. तोंडात सारखी लवंग. मलाही लवंगेचा वास लागला. पण त्यांनी सिगारेटला पुन्हा हात लावला नाही, हे मी कुठेही सांगेन.

मग धावणं सुरू झालं. शाळा भरायच्या आधी, मैदानावर आम्ही तिघंच असायचो: सर, मी त्यांच्या गळ्यात, आणि रेघा आखणारे मामा. धावपट्टीची एक फेरी दोनशे मीटरची, म्हणजे परीक्षेला दहा फेऱ्या. पहिल्या दिवशी सर जुन्या ऐटीत निघाले आणि तिसऱ्या फेरीत मैदानाच्या मधोमध बसले. बसले कसले, कोसळलेच. छातीतून शीळ वाजत होती, आणि ती माझी नव्हती.

मामा फक्कीचा डबा टाकून धावत आले. सर म्हणाले, "मामा, संपलं बहुतेक. बावीस वर्षं फुंकून टाकली मी."

मामांनी त्यांना हाताला धरून उठवलं.

आता धावपट्टी कशी आखतात ते सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. मैदानाच्या दोन्ही बाजूंना जमिनीत एकेक खुंटी असते. तिला दोरी बांधायची, दोरी ताणून अर्धगोल फिरायचं आणि त्या गोलावर फक्की टाकत जायचं. अशी दोन्हीकडची वळणं होतात. मग ती सरळ रेघांनी जोडायची. दोरी जेवढी लांब तेवढी फेरी मोठी. दर शनिवारी मामा जुन्या पुसट रेघा झाडून नव्या आखायचे. सर धावून हातपाय धुवायला गेले की ती दोरी आणि मी साहित्याच्या खोलीत एकाच खिळ्याला टांगलेल्या असायचो.

त्या शनिवारी मामांनी दोरी काढली, दाराकडे पाहिलं आणि हातभर दोरी दुमडून तिला एक गाठ मारली. पुढच्या शनिवारी दुसरी. त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरी.

मी पाहत होते. ओरडायचं तर मला फुंकायला कुणी नव्हतं.

मैदान दर आठवड्याला हातभर आत येत राहिलं आणि सर दर आठवड्याला पुढे जात राहिले. पाच फेऱ्या, सात फेऱ्या, मग पूर्ण दहा. घड्याळात सतरा मिनिटं, मग पंधरा. सगळं खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. सुरुवातीला श्वास खरंच वाढला, गोटी थोडी वर आली. पण पाचव्या आठवड्यानंतर ती तिथेच अडकली. घड्याळातली वेळ मात्र कमी होत राहिली.

इतकी वर्षं धावलेल्या माणसाला हे पायांतून कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण ज्याला किती दिवसांनी कुणीतरी "शाबास" म्हणतंय तो पावलं मोजत बसत नाही. घरी सर पुन्हा हसायला लागले होते. जिना चढताना वहिनींना मुद्दाम मागे टाकायचे. वहिनी म्हणायच्या, "पुरे आता, शेजारी बघतायत," आणि स्वतःच हसायच्या.

दहाव्या आठवड्यात अकरा मिनिटं पंचावन्न सेकंद. सरांनी मामांना मिठीच मारली. मामांचे हात खालीच राहिले.

परीक्षेच्या दिवशी संस्थेकडून तपासनीस बाई आल्या. साध्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांच्याकडे काठीला लावलेलं मोजणीचं चाक होतं. ते ढकलत त्या रेघेवरून एक फेरी चालल्या आणि थांबल्या.

"सर, ही फेरी एकशे बहात्तर मीटरच भरतेय."

"दोनशेची आहे, बाई. मामा पंचवीस वर्षं आखतायत."

बाईंनी पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे बहात्तर. सरांनी मामांकडे पाहिलं. मामा पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभे होते.

"दोरी आणा, मामा," सर म्हणाले.

मामांनी दोरी आणली आणि सरांच्या समोर उकिडवे बसून गाठी सोडायला लागले. जुन्या गाठी ओल्या होऊन वाळलेल्या, घट्ट. नखांनी सुटेनात, तेव्हा त्यांनी दात लावले. बाई सभ्यपणे दुसरीकडे पाहत राहिल्या. सर एकेक गाठ मोजत होते. मी त्यांच्या छातीवर होते, मला मोजणं ऐकू येत होतं. दहा.

"कशाला केलंत हे?"

"तुम्ही तिसऱ्या फेरीला बसलात ना सर, ते बघवलं नाही. पहिली सिगारेट मीच दिली होती तुम्हाला." मामा सुटलेली दोरी हाताने सरळ करत होते. "वाटलं, थोडं बळ आलं की हळूहळू सोडून टाकीन एकेक. मग तुम्ही इतके खूश व्हायला लागलात."

नव्या रेघा आखून होईपर्यंत सर बुटांच्या नाड्या सोडत आणि बांधत राहिले.

बाई आपली शिट्टी घरी विसरल्या होत्या. "तुमची देता का?" सरांनी मला गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिलं. बाईंनी मला रुमालाने पुसलं आणि फुंकलं. सर निघाले.

ते छान धावले. हे कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून मी सांगते. मधे थांबले नाहीत, बसले नाहीत, आठव्या फेरीला चेहरा काळानिळा पडला तरी पाय उचलत राहिले. पण रोज बारा मिनिटांत जेवढं जायचे तेवढंच गेले. आठ फेऱ्या, आणि वर अर्ध्याहून थोडी जास्त. ते पलीकडच्या वळणावर असताना बाईंनी घड्याळ पाहून मला ओठांना लावलं.

बाईंची छाती निरोगी होती. माझी गोटी छताला लागली. इतक्या वर्षांनी मी इतकी खणखणीत वाजले, आणि वाजले ती सरांना थांबवायला.

आता सर साहित्याच्या खोलीत बसतात. चेंडूंत हवा भरतात, जाळ्या शिवतात. मैदानावर नवीन माणूस आला आहे, त्याच्याकडे बटण दाबायची शिट्टी आहे. सर धावत नाहीत. वहिनींनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. मामा दर शनिवारी आखायला जाण्याआधी दोरी सरांच्या टेबलावर आणून ठेवतात. सर ती पट्टीने मोजतात, मान हलवतात, आणि मामा जातात. दोघं एवढंच भेटतात.

कधीकधी दुपारी, खोलीत कुणी नसताना, सर खण उघडून मला बाहेर काढतात. मला वाटायचं, वाजवतील. ते वाजवत नाहीत. मला नाकाशी धरतात आणि डोळे मिटून लांब श्वास घेतात. त्यांना लवंगेचा वास नको असतो.

आणि तो दुसरा, तंबाखूचा वास अजून आहे. गोटीखालच्या खाचेत थोडासा शिल्लक आहे, मला माहीत आहे. परवा त्यांना तो सापडला असावा, कारण त्यांनी मला पटकन ठेवून दिलं आणि बराच वेळ दाराबाहेर, पंपाच्या खोलीकडे बघत बसले.

म्हणून जो कुणी हा खण सरांच्या आधी उघडेल, वहिनी असोत, मामा असोत की आणखी कुणी, त्याला माझं एवढंच मागणं आहे. मला घेऊन जा आणि पाण्यात टाकून उकळा. गोटी फुगेल, मी पुन्हा कधी वाजणार नाही, त्याची काळजी करू नका. चांगलं खळखळ उकळा.