किमांच्या घरातली आजी

दीपिका मूल गावच्या वाचनालयातून आणलेली जाडजूड कादंबरी वाचत होती आणि सोनीबाई दगडावर मोहाच्या बिया फोडत ऐकत होती. कोरिया देशातल्या एका घराण्याची चार पिढ्यांची गोष्ट, मराठीत आलेली. दुपारी दीपिकाच्या सोयरिकीला पाहुणे यायचे होते, तरी आजी-नातीला पुस्तक सोडवत नव्हतं.

"पोरगा किम, पोरगी बी किम," दीपिका म्हणाली. "एकाच मूळ गावचे. अशांचं लगन तिथं होत नाई."

"म्हंजे एका देवाचे. आपल्यावानीच. घरच्या देवांचा आकडा एक असला का भाऊबंद, लगन नाई."

"हो ना. पण पोरीच्या बापालेच मालूम नाई का तो किम आहे. दुसऱ्याच्या घरी वाढला. ते फक्त त्याच्या मायले मालूम."

दगड सोनीबाईच्या बोटावर बसला.

"लागलं का? तुले तं या पुस्तकाचं येडच लागलं, आजी!"

सोनीबाई बोट तोंडात धरून बसली. बावन्न वर्षांपूर्वी शेजारची गिरजा बाळंत होता होता गेली, त्याच दिवशी सोनीबाईचं चार दिवसांचं पोर गेलं. सुकरी सुईणीनं गिरजाचं रडतं पोर सोनीबाईच्या छातीशी लावलं आणि मेलेलं गिरजाच्या कुशीत ठेवलं. गिरजाचा नवरा दोघांना माती देऊन वैनगंगेपल्याड चामोर्शीकडे गेला, तिथं त्यानं दुसरा संसार मांडला. तो सहा देवांचा. सोनीबाईचं घर सात देवांचं. ते रडतं पोर म्हणजे बिरजू, दीपिकाचा बाप, जन्मानं सहा देवांचा. आणि आज दीपिकाला पाहायला येणारा रोशन गिरजाच्या त्याच नवऱ्याचा नातू, तोही सहा देवांचा. म्हणजे दीपिका आणि रोशन चुलत बहीणभाऊ.

सुकरी गेली, सोनीबाईचा नवराही गेला. चार दिवसांपूर्वी रोशनच्या आजोबाचं नाव ऐकलं, तेव्हाच सोनीबाईनं नातं ओळखलं. बोलावं तर बावन्न वर्षं माय म्हणणारा बिरजू परका होणार.

"मंग पुस्तकातली ती बुढी बोलली का?"

"आत्ताच सांगून टाकलं तं मजा काय?"

"मजा राहू दे. सांग."

दीपिकानं शेवटची पानं चाळली. "नाई बोलली. लगन लागलं. मंग तीनशे पानं सारे भोगून राह्यले."

अंगणात मोटारसायकली थांबल्या. पाहुण्यांना पाणी दिलं, ते बाजेवर टेकले. रोशनचे काका खाकरले. "मालूम तं हाय, पण चार लोकांसमोर विचाराची रीत हाय, भाऊ. तुमचे देव किती?"

बिरजू हसला. "सांगतो ना..."

"थांब, बापा." सोनीबाई दाराची चौकट धरून उभी होती.

"काऊन वं माय? मले मोजता येत नाई का?" बिरजू म्हणाला. पाहुणे हसले.

सोनीबाई हसली नाही. पुस्तक हातात धरून दीपिका मागं उभी होती. तिच्याकडे तिनं एकदा पाहिलं.

"त्याले नका विचारू," ती म्हणाली. "त्याले मालूम नाई. मले विचारा."