कोंडा माझ्या पोटात, आळ वाल्मीकच्या माथी

मित्रांनो, मी एक जुना रेडिएटर आहे. जीपच्या जाळीमागे उभा राहून इंजिनाचं पाणी गार करणारा. इतर वस्तू आपली कहाणी कशी ऐटीत सांगतात, ते मला ठाऊक आहे. मला मात्र सांगतानाच खाली मान घालावीशी वाटते. माझ्यामुळे एका भल्या माणसाची गावात मान खाली गेली, आणि त्याचा काडीइतकाही दोष नव्हता. सगळा दोष माझ्या पोटात होता. तरीही सांगतो, कारण न सांगता फार दिवस काढले.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये नागमोडी पातळ पत्रे, एवढाच माझा देह. काम म्हणाल तर सोपं. इंजिनात तापलेलं पाणी माझ्या नळ्यांत येतं, समोरचा वारा माझ्या पत्र्यांमधून आरपार जातो, जाताना उष्णता घेऊन जातो आणि पाणी गार होऊन पुन्हा इंजिनात शिरतं. गाडी हळू चालत असली की मागचा पंखा वारा ओढून घेतो. म्हणजे मला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि वारा. पाण्याची आठवण सगळ्यांना असते. वारा फुकटचा, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

मुळशी धरणाच्या काठावर एक वाडी आहे. तिथल्या हैबतरावांनी रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकून नऊ माणसांची एसी जीप घेतली, तिच्यातून मी वाडीत आलो. हैबतरावांना गाडी चालवता येत नव्हती. मालक मागे बसतो, असं त्यांचं मत होतं. म्हणून धनगरवस्तीवरचा वाल्मीक ड्रायव्हर म्हणून आला. त्याच्या घरी मेंढरं होती, एक दुभती म्हैसही होती. लहानपणापासून मुक्या जनावरांचं दुखणं-खुपणं ओळखायची त्याला सवय होती, आणि ती त्याने गाडीलाही लावली. रोज सकाळी तो बॉनेट उघडायचा, बाटलीतल्या हिरव्या कूलंटची, म्हणजे माझ्या पाण्याची, पातळी बघायचा, फडक्याने माझ्यावरची धूळ पुसायचा आणि विचारायचा, “काय राव, बरं हाय ना?” मला बरं होतं. बाळंतिणी, आजारी माणसं, नवऱ्यामुली, भाताची पोती, सगळ्यांना आम्ही पौडला, पुण्याला नेलं-आणलं. नऊ वर्षांत एकदाही वाटेत बसलो नाही. लोक म्हणायचे, गाडी असावी तर हैबतरावांची आणि ड्रायव्हर असावा तर वाल्मीक.

स्तुती ऐकली की माझी छाती फुगते, हा माझा जुना दुर्गुण. त्यानेच घात केला.

झालं असं. हैबतरावांच्या घरी भाताची रास पुजायची रीत आहे. मळणी होत आली की खळ्यात रास लावायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. जीप सहा वर्षं बिनतक्रार चालल्यावर त्यांनी तिलाही पूजेत घेतलं. गाडीचं तोंड राशीकडे हवं, कारण लक्ष्मीकडे पाठ करायची नाही. आणि पूजा होईपर्यंत इंजिन चालू हवं, कारण लक्ष्मीपुढे गाडी बंद पडलेली दिसू नये! आता बघा, रास समोर, तिच्या बाजूला मळणीयंत्र कोंडा उडवतंय, बायका सुपाने उरलंसुरलं वारवताहेत, आणि मी तोंड वासून उभा. मागचा पंखा जोराने वारा ओढतोय. वाऱ्याबरोबर कोंडा येणार नाही तर काय येईल?

वाल्मीकने सांगितलं होतं. “तात्या, कोंडा लई उडतोय. गाडी जरा फिरवून लावू का?”

“लक्ष्मीकडं पाठ करतोस व्हय? ऱ्हाऊ दे तशीच,” हैबतराव म्हणाले.

वाल्मीकने गाडी तशीच राहू दिली. आणि मी? मला तर तेव्हा मजाच वाटत होती. सगुणाबाईंनी, म्हणजे हैबतरावांच्या पत्नीने, जाळीला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती. मी खोल खोल श्वास घेत होतो. असं तीन वर्षं, दर सुगीला चालू राहिलं.

माझ्यापुढे एसीची एक जाळी असते आणि तिच्या-माझ्यामध्ये दोन बोटांची फट. कोंडा त्या फटीत जाऊन बसला. समोरून पाहणाऱ्याला एसीची स्वच्छ जाळी दिसायची. मागून पंख्याचं आवरण. माझं खरं तोंड कुणाला दिसतच नव्हतं. पुढे धुलाईवाल्याने जोराच्या फवाऱ्याने गाडी धुतली, तेव्हा तो कोंडा आणखी आत घुसला आणि धुळीबरोबर वाळून त्याचा घट्ट थर झाला. हिवाळाभर कसंबसं निभावलं.

मग उन्हाळा आला आणि चढावर गाडी तापायला लागली. रिकामी असली, सपाटीवर असली की काही नाही. नऊ माणसं भरून चढ लागला की तापमानाचा काटा लाल खुणेकडे पळायचा. वाल्मीकने तिला तीनदा मिस्त्रीकडे नेलं. पहिल्या मिस्त्रीने पाण्याची वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅटच काढून टाकला आणि म्हणाला, आता पाणी मोकळं फिरेल. गाडी तापली. दुसऱ्याने पाण्याचा पंप बदलला. गाडी तापली. तिसऱ्याने माझं झाकण बदललं, दारात उभी करून इंजिन चालवून पाहिलं आणि ठणठणीत आहे म्हणाला. उभ्या रिकाम्या गाडीला काय होणार? चढावर ती पुन्हा तापली. बिचाऱ्या थर्मोस्टॅटचा काही गुन्हा नव्हता, पंपाचाही नव्हता. आपल्यापायी शेजारी एकेक करून जाताहेत, हे मी बघत होतो. मला लाज वाटत होती, पण लाज वाटून कोंडा निघत नाही.

मे महिन्यात हैबतरावांच्या नातीची, सायलीची, नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा होती. केंद्र बावधनला. सकाळी वाल्मीकने नेहमीप्रमाणे कूलंट पाहिलं, थोडं कमी होतं ते भरलं. सायली शेजारी उभी राहून बघत होती. सायली, हैबतराव आणि वाडीतली आणखी सहा माणसं घेऊन आम्ही निघालो. पिरंगुटचा घाट लागला, पुढे गाड्यांची रांग, त्यात एसी चालू. अर्ध्या घाटात काटा लाल झाला आणि माझ्या झाकणाखालून वाफ फुसफुसायला लागली. वाल्मीकने गाडी कडेला घेतली.

“उघड झाकण, वत पाणी, चल!” हैबतराव ओरडले.

“तात्या, तापल्या रेडेटरचं झाकण उघडायचं नसतं. उकळतं पाणी तोंडावर उडल. गार व्हऊ द्या.”

मित्रांनो, तो खरं बोलत होता. गाडी तापलेली असताना माझं झाकण कधीही उघडू नका, कुणी कितीही ओरडलं तरी. पण हैबतरावांना वाटलं, हा वेळ काढतोय. वाल्मीक रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला, दुधाचा एक टेम्पो थांबवला आणि सायलीला आणि तिच्या आजोबांना त्यात बसवून दिलं. तरी बारा मिनिटं उशीर झालाच. केंद्राचं फाटक बंद झालं होतं. सायली फाटकाला धरून रडली, असं नंतर माझ्या कानावर आलं. तिचं एक वर्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीपुढे अख्खी वाडी जमलेली असताना हैबतरावांनी वाल्मीकला थांबवलं.

“पाणी बघायचं, येवढं एक काम व्हतं तुला.”

“तात्या, पाणी भरलं व्हतं मी.”

“मी बघितलं, तात्या. त्यानं भरलं व्हतं,” सायली म्हणाली.

“तू गप बस. पाणी भरलं व्हतं तर गाडी काय उगा तापती? आन किल्ली.”

वाल्मीकने किल्ली काढून दुधाच्या कॅनच्या झाकणावर ठेवली आणि चालू लागला. जीप समोरच उभी होती. मी सगळं पाहिलं. इतकी वर्षं ज्याने मला पुसलं, विचारलं, त्याच्यावर माझ्यामुळे आळ आला आणि मी थंडगार उभा होतो. त्या दिवशी मी उकळलो असतो, तर मला बरं वाटलं असतं.

आळ म्हणजे काय, ते मग दिसलं. पंचक्रोशीत वाल्मीकला कुणी गाडी देईना. पाणीसुद्धा न बघणारा ड्रायव्हर, असं त्याचं नाव झालं. तो बावधनला एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभा राहायला लागला. आमच्याकडे नवा ड्रायव्हर आला. तो कूलंट बाटलीच्या रेघेपर्यंत भरायचा. गाडी तरीही तापायची. हैबतरावांच्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता. पण चूक कबूल करावी लागणार असेल, तर माणूस डोळे मिटून घेतो. मी तर काय, मिटलेलाच होतो.

शेवटी श्रावणात सगुणाबाईंना गुडघा दाखवायला पुण्याला न्यायचं होतं. गाडी भरलेली होती, पाठी हैबतरावही होते. पिरंगुटच्या अलीकडेच काटा वर गेला. नव्या ड्रायव्हरने गाडी घोटावड्याच्या वाटेवरच्या किशोरच्या गॅरेजमध्ये घातली. या किशोरने आल्या आल्या पाना हातात घेतला नाही. आधी विचारलं, “तात्या, तापती कुटं? सपाटीला का चढाला?”

“चढाला. माणसं भरल्यावर.”

“पाणी कमी व्हतं का?”

हैबतरावांनी नव्या ड्रायव्हरकडे पाहिलं. “न्हाई,” ते म्हणाले.

इंजिन गार झाल्यावर किशोरने ते पुन्हा चालू केलं, वर्तमानपत्राचा कागद घेतला आणि जाळीपुढे धरून सोडला. पंखा फिरत असताना कागद जाळीला चिकटायला हवा. माझ्यासमोरचा कागद सरळ खाली पडला. किशोरने दुसरा धरला. तोही पडला.

“वाराच येत न्हाई आत,” तो म्हणाला.

“सूप कोंड्यानं भरल्यावर वारा जाईल व्हय?” बाकावर बसलेल्या सगुणाबाई सहज बोलून गेल्या. त्या जन्मभर भात वारवत आलेल्या.

किशोरने एसीची जाळी बोल्ट सोडून पुढे ओढली. आणि माझं तोंड जगाला दिसलं. मित्रांनो, तो प्रसंग मी विसरू शकत नाही. कोंड्याचा पिवळा जाड थर, त्यात झेंडूच्या पाकळ्या, कुंकवाने तांबडी झालेली धूळ, आणि लांब लांब कुसळं. किशोरने मूठभर काढून दाखवलं. सगुणाबाईंनी त्यातलं एक कुसळ चिमटीत धरलं.

“हे आपलंच भात हाय. जुन्या बियाणाचं. येवढं लांब कुसळ वाडीत दुसऱ्या कुणाच्या भाताला न्हाई.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “पोरगं म्हणलं व्हतं तुमाला, गाडी फिरवून लावू का म्हणून. मी तितंच हुबी व्हते, सूप घेऊन.”

हैबतराव तिथल्या टायरवर खाली बसले. आम्ही दोघं समोरासमोर होतो, आणि दोघांनाही नजर वर उचलवत नव्हती.

किशोरने पंख्याच्या बाजूने, हलक्या पाण्याने आणि मऊ ब्रशने मला धुतलं. दाबून मारलं असतं तर माझे पत्रे मुडपले असते. दोन सुपं भरतील इतका कोंडा निघाला. नवा थर्मोस्टॅट बसवला. भरलेल्या गाडीने घाट चढून पाहिला. काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. कितीतरी महिन्यांनी मी श्वास घेतला. तरी मला आनंद झाला नाही.

परतताना हैबतराव म्हणाले, “वाल्मीकला घरी बोलावून घेऊ. देऊ किल्ली.”

“घरी न्हाई,” सगुणाबाई म्हणाल्या. “चारचौघांत काडून घेतली, तर चारचौघांतच द्याची.”

चार दिवसांनी वाल्मीकची सुट्टी होती. सकाळी तो डेअरीवर दूध घालायला आला. हैबतरावांनी सगळ्यांसमोर किल्ली पुढे केली. वाल्मीकने किल्ली घेतली नाही.

“किल्ली ऱ्हाऊ द्या तात्या. त्या दिवशी मी पाणी भरलं व्हतं का न्हाई, तेवढं सांगा सगळ्यांम्होरं.”

हैबतरावांचं वय सत्तर, आणि त्या वयापर्यंत त्यांनी कुणापुढे मान वाकवली नव्हती.

“भरलं व्हतं,” ते म्हणाले. “कोंडा माझ्यामुळं अडकला. त्यानं सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाई. चूक माझी व्हती, पोरा.”

वाल्मीकने मान हलवली. डोळे पुसले, दुधाची पावती घेतली आणि घरी गेला. त्याच आठवड्यात पलीकडच्या वाडीतल्या टेम्पोवाल्याने त्याला बोलावून घेतलं. आमच्याकडे तो परत आला नाही. सायली पुन्हा अभ्यासाला लागली आहे.

वाल्मीकचा टेम्पो रोज आमच्या दारावरून जातो. कधी तो जीपकडे बघतो, कधी नाही. नवा ड्रायव्हर बाटली बघतो, बॉनेट लावतो आणि निघतो. मला कुणी काही विचारत नाही, आणि विचारावं असं माझं तोंडही उरलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर वर्षातून एकदा तिच्या रेडिएटरच्या पुढची फट उघडून बघायला सांगा. पाण्याबरोबर वाऱ्याचीही विचारपूस करा. आणि एक गोष्ट त्याहून मोठी. कधी तुमच्या हातून काही बिघडलं आणि बोलणी दुसरं कुणी खात असेल, तर पावसाची, श्रावणाची, कुणी येऊन उघडून बघण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी, चारचौघांत पुढे व्हा आणि सांगा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.